मृगापर्यंत निर्णय नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महिला दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत छोटे उद्योग करणाऱ्या बायकांच्या यशोगाथा आल्या. आमच्या चक्कीवर वर्तमानपत्र दोन कामांसाठी येतं, आधी वाचायला आणि मग तिखटाच्या पिंपाखाली अंथरायला. ही पुरवणी मी अंथरली नाही, घरी नेली. सगळ्या गोष्टी वाचून काढल्या. त्या सगळ्यांत एक सारखेपणा होता. प्रत्येकीनं अगदी सुरुवातीलाच काहीतरी ठरवलं होतं, ध्येय समोर ठेवलं होतं आणि ती सरळ त्या दिशेनं चालत गेली. शेवटी चौकटीत सल्ला होता की छोट्या व्यावसायिकानं पाच वर्षांचं ध्येय मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावं.

त्यावर मला चार शब्द लिहायचे आहेत. चारात भागणार नाही हे आधीच सांगते. कात्री लावायची तिथे लावा, फक्त वहीची गोष्ट तेवढी कापू नका.

माझी नागपुरात सक्करदऱ्याकडे पिठाची चक्की आहे, जोडीला तिखट-मसाला दळायचं काम आणि आमच्या तिखटाची पाकिटं. मशीन आमचे हे सांभाळतात, गल्ला आणि गिऱ्हाईक मी. माहेर भिवापूरकडचं, वडिलांची मिरचीची शेती. लग्न होऊन आले तेव्हा इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी लाईन सुरू होती. बाबा त्या गाडीनं मिरचीचं पोतं घेऊन यायचे आणि अख्खा डबा शिंकत इतवारीला उतरायचा. २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी बंद झाली. बाबांनी मिरची लावणं त्याच्या कितीतरी आधीच सोडलं होतं. गावातले बहुतेक कापूस-सोयाबीनवर गेले होते. भिवापुरी मिरचीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळेपर्यंत आमच्या वावरात ती राहिली नव्हती. असो, ते वेगळं दुखणं.

आता वही.

२००९ साली आमच्या दोघांत एक भांडण झालं. मसाला कुटायचा जुना डंका आम्ही मोडीत काढला होता आणि वर्षभरानं बाया विचारायला लागल्या, की कुटलेला मसाला मिळेल का, दळलेला नको. डंका विकायचा कोणी ठरवलं, यावरून आमची जुंपली. हे म्हणाले तू. मी म्हटलं तुम्ही. दोघांनाही मनापासून खात्री होती. शेवटी सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "लिहून काहून नाही ठेवत? मले तर दोघंही बोलल्याचं आठवते."

अशी ती वही भांडणापायी उघडली. दोनशे पानी लांब वही, हिशेबाच्या वहीसारखीच, फक्त तिच्यात पैसे नाहीत. नियम एवढाच की धंद्यातलं काही मोठं ठरवलं की त्याच दिवशी तीन ओळी लिहायच्या. काय ठरवलं. काहून ठरवलं. आणि याचं काय होईल असं आज वाटते. खाली दोघांची सही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वहीसोबत ही वहीही पाटावर ठेवायची आणि पूजा झाली की मागच्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या. मुलगी लहान होती तेव्हा तिला तो फटाक्यांआधीचा कंटाळवाणा कार्यक्रम वाटायचा. आता तीच वाचते, आवाज काढून.

गेल्या दिवाळीला तिनं मोजदाद केली. वहीत ३१ निर्णय निघाले. त्यातले ९ आम्ही लिहिलं होतं तसे घडले. बाकीचे काही नुसते चुकले, काही उलटे झाले, आणि चार-पाच असे की अंदाज साफ चुकला पण फायदा झाला. या शेवटच्या चार-पाचांनी मला हे पत्र लिहायला बसवलं.

आमच्या तिखटाच्या पाकिटांचंच घ्या. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा पाकिटांचा आहे. उद्या तुमचा वार्ताहर आला आणि त्यानं विचारलं, ताई, ही कल्पना कशी सुचली, तर मी सांगेन की नोकरदार बायांना आता मिरची निवडायला, देठ खुडायला, उन्हात घालायला वेळ नाही हे मी ओळखलं. तोंडभर सांगेन, आणि त्या क्षणी मलाही ते खरं वाटेल. पण वहीत एप्रिल २०२० ची नोंद माझ्याच अक्षरात आहे. ठरवलं: अर्धा-अर्धा किलोची पाकिटं करायची. काहून: लॉकडाऊनमध्ये चक्कीला परवानगी आहे पण मिरची घेऊन कोणी येत नाही, आपण आणून ठेवलेली मिरची पडून आहे, पावसाळ्यात बुरशी येईल. काय होईल: अर्धी खपली तरी गंगेत घोडं न्हालं, पुढच्या वर्षी पुन्हा नेहमीसारखं.

पुढच्या वर्षी नेहमीसारखं झालं नाही. लोकांना पाकिटाची सवय लागली होती. यात दूरदृष्टी कुठली? बुरशीची भीती होती, एवढंच.

उलट ज्या निर्णयाच्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, तो २०११ चा. दुसरी चक्की घेतली. त्या नोंदीत "काहून" समोर मी मोठा परिच्छेद लिहिलाय, वस्ती वाढते आहे, मानेवाड्याकडे नवे लेआउट पडताहेत, गव्हाचं दळण दुप्पट होईल. त्याच्या खाली यांनी, म्हणजे नवऱ्यानं, पेन्सिलनं बारीक लिहिलंय: मागच्या गल्लीत त्यांनी नवी मशीन आणली म्हणून. वाचताना मुलगी हसून हसून लोळली. खरं कारण तेच होतं. मागच्या गल्लीत नवी, पांढरीशुभ्र, टाइल्स लावलेली चक्की सुरू झाली होती आणि आमच्या दोन बाया तिकडे गेल्या होत्या. दोनच. त्या दोघींसाठी मी एक लाख दहा हजार घातले. नवे लेआउट पडले, पण तिथल्या बाया तयार पिठाची पिशवी घेऊ लागल्या. चार वर्षं आमच्या दोन्ही चक्क्या अर्धा दिवस झोपायच्या आणि मागच्या गल्लीतली तिसरीही झोपायची. झिजलेल्या दगडी पाटांना टाकी लावायला मिस्त्री आला की मात्र तीन मशिनींचे पैसे घेऊन जायचा. या सगळ्यात वाढ झाली असेल तर त्याचीच.

मुलीनं आणखी एक गोष्ट शोधली, आणि ती मला स्वतःला सोळा वर्षांत दिसली नव्हती. तिनं नोंदींच्या तारखा पाहिल्या. आमचे जे निर्णय फसले त्यातले बहुतेक होळी आणि मृगाच्या मधले होते.

हा आमचा सीझन. फेब्रुवारी संपता संपता नवी मिरची येते आणि वर्षभराचं तिखट, हळद, मसाला करून ठेवायची बायांची लगबग सुरू होते, ती पाऊस पडेपर्यंत. पहाटे पाचला बाहेर डब्यांची रांग. नाकात, डोळ्यांत, अंथरुणात, चहात तिखट. रात्री अकराला गल्ला मोजायचा, आणि तो इतका भरलेला असतो की माणसाला वाटतं आपल्याला सगळं जमतं. याच दिवसांत मशीन विकणारे येतात, प्लॉटवाले येतात, भागीदारीचं विचारणारे येतात. त्यांना आमचा सीझन आमच्यापेक्षा चांगला कळतो. अंगात थकवा, हातात नगद आणि डोक्याला फुरसत नाही, अशा वेळी माणूस "हो" म्हणतो. नाहीतर "नाही" म्हणतो, पण तेही वैतागून. दोन्ही सारखेच.

एप्रिल २०२३ ची नोंद त्यातलीच. मिरचीचे भाव तेव्हा डोळे पांढरे करतील असे होते. कळमन्याच्या बाजारात आंध्रातल्या गुंटूरचा चांगला माल क्विंटलला वीस हजारांच्या पुढे. जो तो सांगत होता, आणखी चढेल. मी १२ क्विंटल २२ हजारांनी उचलली आणि शीतगृहात ठेवली, कारण थंडीत मिरचीचा रंग टिकतो. वहीत "काय होईल" समोर लिहिलंय: दिवाळीत तीस. झालं काय, तर पुढच्या हंगामात भाव खाली आला आणि २०२५ पर्यंत तर इतका पडला की आंध्रच्या मिरचीसाठी केंद्र सरकारला हस्तक्षेप करावा लागला. माझी मिरची शेवटी मला क्विंटलमागे पाच हजारांच्या घाट्यात दळून टाकावी लागली. साठ हजार, वर शीतगृहाचं भाडं. नंतर हे म्हणाले, "बापाच्या घरी मिरची पिकत होती तरी तुले भाव नाही समजला." खरं तर पिकत होती म्हणूनच समजला नाही. बाबा नेहमी म्हणायचे की यंदा भाव पडला तर पुढल्या वर्षी चढतेच, आणि त्या बोलण्यावर त्यांनी आयुष्य काढलं.

त्याच सालातली आणखी एक गंमत. २०२२-२३ मध्ये आमची उलाढाल चांगली फुगली. नातेवाइकांत मी छाती काढून सांगितलं, धंदा वाढला. मुलीनं पाकिटांचे किलो मोजले तर मागच्या सालाएवढेच, उलट चाळीसेक किलो कमी. मिरची महागली म्हणून पाकीट महागलं, पाकीट महागलं म्हणून गल्ला फुगला. तेव्हापासून मी वाढ रुपयांत मोजत नाही, किलोत मोजते. आणि ध्येयच लिहायचं असेल तर तेही किलोत लिहिते. कोणाला हसू येईल, पण आमच्या धंद्यात रुपया दर सालाला वेगळा असतो, किलो तोच राहतो.

कर्जाबद्दलही थोडं. मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी आम्ही तिच्यातून कर्ज घेतलं. ५० हजार ते ५ लाखांचा जो "किशोर" गट आहे, त्यात. मला तिखट दळायचं नवं मशीन, पल्व्हरायझर, हवं होतं, मोटारीसकट दीड लाखाच्या आतलं काम. एका ओळखीच्यांनी सांगितलं, मागायचंच तर थोडं जास्त मागा, पुन्हा पुन्हा कोण देतं. आम्ही अडीच लाख घेतले. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. दळणाई चाळीस रुपये आणि समोर पाचशेची जुनी नोट, असे ते दिवस. अर्धं गाव उधारीवर दळून गेलं. हप्ता मात्र अडीच लाखांचाच होता. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते तेव्हा सगळं गाव ओरडतं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. त्यानंतर दर वर्षी मी गर्दीत उभी राहून मनात म्हणते, उधारी घेऊन जा गे मारबत. ती अजून घेऊन गेलेली नाही.

तर ते वरचे एक लाख. त्यातले ३८ हजार मी दुकानाच्या बोर्डावर घातले. आत दिवे असलेला, रात्री लाल चमकणारा. याची नोंद वहीत आहे, खाली दोघांच्या सह्याही आहेत. काहून: रोडवरून दिसावं.

आता जे लिहिते ते वहीत नाही.

आमच्याकडे एक कामगार होते, ब्रह्मपुरीकडचे. चौदा वर्षं होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तिखटाच्या मशिनीवर तेच. तोंडाला ओला दुपट्टा बांधायचे आणि वर हसून म्हणायचे, वहिनी, मला तर आता हवा गोड लागत नाही. पल्व्हरायझर घेतला तेव्हा मिस्त्रीनं सांगितलं होतं की त्याला धूळ ओढायचा सायक्लोन जोडून घ्या, पंचावन्न हजारांत होईल. मी म्हटलं, पुढच्या सीझनला. पुढच्या सीझनला म्हटलं, हप्ता फिटू द्या. मग लॉकडाऊन आलं. मग पाकिटांचं मशीन घ्यायचं होतं. असं करत करत २०२२ आलं. त्या पावसाळ्यात भाऊ म्हणाले, "वहिनी, छातीत भरते आता. गावाकडे जातो." हिशेब केला, वर काही पैसे दिले, जेवू घातलं. ते गेले.

वही उघडून बघा, सायक्लोनची एकही नोंद नाही. कारण मी तो घ्यायचा नाही असं कधी ठरवलंच नव्हतं. मी फक्त ठरवत नव्हते. ३१ निर्णय मोजले, ९ बरोबर आले, यावर आम्ही दिवाळीत हसलो, आणि माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट निर्णय त्या मोजदादीत नव्हताच. बोर्डाची नोंद आहे, सायक्लोनची नाही, आणि दोन्हींना पैसे एकाच पिशवीतून जायचे होते. भाऊ गेल्यावर दोन महिन्यांत सायक्लोन बसवला. तेव्हा त्याला ७२ हजार लागले.

ती मिरचीची धूळ आता एका पिशवीत जमा होते. आठवड्याला किती जमा होते ते मी इथे लिहिणार नाही.

असंच उधारीचं. शहरातल्या एका मोठ्या दुकानाला आम्ही पाकिटं द्यायचो. एकदा एक लाख शहाऐंशी हजार सात महिने अडकले. मुलगी बी.कॉम. झालेली आहे, तिनं मला कायदा वाचून दाखवला. छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे की असे पैसे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय, करातून वजा मिळत नाही. समाधान नावाच्या सरकारी पोर्टलवर घरी बसून तक्रार करता येत होती. सगळं तयार होतं, मोबाईलवर कागदसुद्धा चढवले. मी म्हटलं, दोन दिवस थांब. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. पैसे आले, पण तुकड्यातुकड्यानं, फोन करकरून, व्याजाचं तर नावच काढायचं नाही. मला भीती होती की तक्रार केली तर ते दुकान हातचं जाईल. दुकान तसंही गेलं, त्यांनी दुसऱ्याचा माल घ्यायला सुरुवात केली. हेही वहीत नव्हतं.

एक निर्णय मात्र मी एका मिनिटात घेतला आणि तो लिहिला नाही याचं मला वाईट वाटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि एका रात्रीत सीताबर्डीपर्यंत पाणी घुसलं, तेव्हा तिकडचे एक दुकानदार आमची पाकिटं ठेवायचे, त्यांचं सगळं चिखलात गेलं. अकरा हजार येणे होते. त्यांनी फोन केला आणि ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, राहू द्या. तुमच्या पुरवणीत असती ही गोष्ट तर पुढे ते आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक झाले असते. ते आता मोबाईलची कव्हरं विकतात.

भाऊ गेले त्या दिवाळीपासून आम्ही वहीत मागच्या पानांवर एक वेगळी यादी सुरू केली, जे ठरवायचं राहिलंय त्याची. आणि मुलीनं तारखा दाखवल्यापासून दुसरा नियम: होळीपासून मृगापर्यंत कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. कोणी काही घेऊन आलं तर चहा पाजायचा, वहीत मागे लिहायचं आणि जूनमध्ये या म्हणायचं. बहुतेक जण जूनमध्ये येणार नाहीत. त्यावरूनच कळेल त्यांची घाई कोणासाठी होती.

हा नियम करायच्या आधी एक निर्णय चुकून योग्य महिन्यात झाला होता, तो सांगते. दीड वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, रायपूरच्या एका व्यापाऱ्यानं महिन्याला ५०० किलो तिखट मागितलं. हे तर हुरळून गेले. "आता नागपूरच्या भायेर जाते आपला माल," असं शेजारच्यांना सांगूनही आले. पण ऑक्टोबर होता, मशीन दुपारी बंद असायची, बसून विचार करायला वेळ होता. मुलीनं आधी कर सांगितला. माल राज्यातच विकतो तोवर वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यापुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन नावाच्या सोप्या करयोजनेत एक टक्का भरून भागतं. माल राज्याबाहेर गेला की पहिल्या किलोपासून नोंदणी, आणि कंपोझिशनही चालत नाही. मग नेहमीचा पाच टक्के, विवरणपत्रं आणि ती भरणारा माणूस. हे काही संकट नाही, हजारो लोक करतात. दुसरी गोष्ट त्यांची उधारी, साठ दिवसांची. महिन्याला दीड लाखाचा माल म्हणजे आमचे तीन लाख कायम रायपुरात, आणि अनुभव आपण वर वाचलाच.

पण खरं अडलं ते तिसऱ्या गोष्टीवर, आणि ती यांनीच सांगितली, ज्यांना ऑर्डर हवी होती त्यांनीच. पल्व्हरायझर सलग चालवला की तिखट गरम होतं. हात घातला तर चटका बसतो. तसं गरम झालं की रंग फिका पडतो आणि वास उडतो, म्हणून दर तासा-दीड तासानं मशीन थांबवावी लागते. ५०० किलोंसाठी ती थांबवता येणार नाही. दुसरी मशीन घ्यायची तर जागा नाही, माणूस नाही. मग रंग टिकवायला लोक जे टाकतात ते टाकायचं, किंवा रंग गेलेला माल पाठवायचा. हे बराच वेळ मशिनीकडे बघत बसले आणि म्हणाले, "नको. होऊन जाते मग नाव खराब."

वहीत लिहिलं: नाही म्हटलं. काहून: मशीन तापते. काय होईल: पस्तावू. पस्तावलो का, तर महिन्यातून एखादा दिवस हो, विशेषतः लाईट बिल येतं तेव्हा.

पाकिटावर काय छापायचं यावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. आमच्या तिखटात भिवापुरी आहे, पण अर्धी गुंटूरची. मी पाकिटावर "भिवापुरी व गुंटूर मिश्र" असं छापते. हे म्हणतात, मिश्र वाचलं की कोन घेईन, बाकीचे सरळ भिवापुरी लिहितात. माझ्या बापाच्या गावाचं नाव आहे ते, मी खोटं नाही लिहिणार. यावर दर वर्षी भांडण होतं, त्याचीही नोंद आहे, २०२१ पासून दर वर्षी एक, आणि "काय होईल" समोर दर वर्षी यांच्या अक्षरात: खप पडेल. खप पडलेला नाही. वाढलेलाही नाही.

संपादक महोदय, माझं मागणं साधं आहे. यशोगाथा छापा, आम्ही आवडीनं वाचतो. पण पुढच्या वेळी वार्ताहराला सांगा की हे कसं सुचलं हे विचारण्याऐवजी, तेव्हाचं काही लिहिलेलं आहे का, ते विचार. जुनी वही, डायरी, बँकेला दिलेला अर्ज, नवऱ्याला पाठवलेला मेसेज, काहीही. आणि काय ठरवायचं राहून गेलं, तेही. मागे वळून बघताना सगळ्यांचे रस्ते सरळच दिसतात, आम्हालाही आमचा दिसायचा. वही नसती तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की पाकिटं माझ्या दूरदृष्टीची, दुसरी चक्की वस्ती वाढली म्हणून आणि भाऊ वय झालं म्हणून गेले.

हे पत्र लिहायला तीन रात्री लागल्या, कारण सीझन सुरू झाला आहे आणि कागदावर तिखट पडतं. टंकलेखन मुलीनं केलं, शुद्धलेखन तिचं, चुका माझ्या.

आणि हो. आमच्या शेजारचा गाळा रिकामा होतो आहे. दहा बाय चौदाचा, आमच्या भिंतीला भिंत लागून. दुसरी मशीन तिथे बसेल. तीच, जी रायपूरच्या वेळी बसत नव्हती. मालकांना पाडव्याआधी उत्तर हवंय, मोबाईलवाला एक जण डिपॉझिट घेऊन तयार आहे म्हणतात. मी म्हटलं, मृग लागल्यावर सांगते. ते म्हणाले, "ताई, तेव्हापर्यंत कोण थांबते?" आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

काल रात्री अकराला गल्ला मोजून झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. गाळा: उत्तर दिलं नाही. काहून: सीझन. काय होईल: मोबाईलवाला घेईल. खाली माझी सही आहे. यांची जागा अजून कोरी आहे.

आपली नियमित वाचक,
एक चक्कीवाली
सक्करदरा, नागपूर